एकच वाट, बदलते आवरण

जीएसएम प्रणालीत ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलणाऱ्या नेहमीच्या मोबाइल फोनला कमाल २ वॅट शक्तीने लहरी सोडता येत. तोच फोन, त्याच पट्ट्यात, त्याच टॉवरकडे ‘एज’ पद्धतीने वेगवान डेटा पाठवू लागला, की हँडसेटच्या प्रचलित वर्गात ही मर्यादा अर्ध्या वॅटवर येई. बॅटरी तीच, अँटेना तोच, बहुतेक वेळा पॉवर अ‍ॅम्प्लिफायरही तोच. तरीही शक्ती चौपटीने कमी. याचे कारण लहरीच्या आकारात आहे. जीएसएमचे मूळ मॉड्युलेशन, म्हणजे जीएमएसके, माहिती फक्त लहरीच्या फेजमध्ये भरते. लहरीची उंची आरंभापासून शेवटपर्यंत तीच राहते, तिचे आवरण सपाट असते. अशा लहरीसाठी अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्झिस्टर पूर्ण ताकदीने, जवळजवळ स्विचसारखा चालवता येतो आणि बॅटरीतून घेतलेल्या शक्तीपैकी निम्म्याच्या आसपास शक्ती अँटेनापर्यंत पोचते. एजचे ८-पीएसके मॉड्युलेशन मात्र फेजबरोबर उंचीही हलवते. त्याचे शिखर सरासरीच्या दुपटीहून थोडे वर जाते, आणि शिखर व दरी यांच्यात शक्तीचा सुमारे पन्नासपट फरक पडतो. हे चढउतार जसेच्या तसे बाहेर पडायचे असतील तर अ‍ॅम्प्लिफायरला शिखरापुरती जागा राखून, खालच्या पातळीवर चालवावे लागते. म्हणून कमाल शक्ती घटते आणि कार्यक्षमताही. अनेक मॉड्युलेशन पद्धती एकाच ट्रान्समीटरवर बसवण्याची सगळी अडचण या एका गोष्टीत आहे. कोणते भाग सामाईक ठेवता येतील, हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. लहरीचे आवरण वाटेत कोणत्या ठिकाणी तिला जोडायचे आणि त्या जोडणीची किंमत कोणत्या पद्धतीने मोजायची, हा खरा प्रश्न. माझ्या मते चांगल्या सामाईक सर्किटची कसोटी एकच आहे: अवघड पद्धतीच्या गरजांचा भुर्दंड सोप्या पद्धतीवर पडता कामा नये.

एजची आखणी करणाऱ्यांनी यातली निम्मी लढाई सर्किटची आखणी सुरू होण्याआधीच जिंकून ठेवली होती. जीएसएम फोनमध्ये १३ मेगाहर्ट्झचा संदर्भ-दोलक असतो. त्याला ६५ने भागले की २०० किलोहर्ट्झ, म्हणजे एका चॅनेलची रुंदी मिळते. ४८ने भागले की सेकंदाला सुमारे २,७०,८३३ चिन्हे, म्हणजे पाठवण्याचा वेग मिळतो. एजने या दोन्ही संख्यांना हात लावला नाही. प्रत्येक चिन्हात एकाऐवजी तीन बिट भरले आणि काळाचे, वारंवारतेचे सारे गणित तसेच ठेवले. त्याहून सुंदर निर्णय स्पंदाच्या आकाराबाबत झाला. फ्रेंच अभियंता पिएर लोराँ यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले होते की जीएमएसकेसारखी फक्त फेज हलवणारी लहर काही ठरावीक आकाराच्या स्पंदांची बेरीज म्हणून लिहिता येते आणि त्यांतल्या पहिल्याच स्पंदात बहुतेक सारी ऊर्जा असते. एजने नेमका तोच पहिला स्पंद उचलला. त्यामुळे नव्या लहरीचा वर्णपट जुन्या लहरीच्या साच्यात बसला आणि शेजारच्या चॅनेलवर अतिक्रमण झाले नाही. शिवाय प्रत्येक चिन्हागणिक ६७.५ अंशांचे जादा वळण दिले. त्यामुळे लहरीची वाट शून्यातून जात नाही, आवरण कधीच पूर्ण मिटत नाही. याचे महत्त्व पुढे दिसेलच. या दोन पद्धती नात्यातल्या आहेत, म्हणूनच त्यांना एका घरात नांदवणे शक्य झाले. नाते नसलेल्या पद्धती एकत्र आणताना काय होते, ते थर्ड जनरेशनच्या वेळी सगळ्यांना कळले.

आता सर्किटकडे वळू. मोकळ्या मैदानातल्या एखाद्या माणसाची जागा दोन रीतींनी सांगता येते. इथून पूर्वेला इतकी पावले आणि उत्तरेला इतकी, ही एक रीत. अमुक दिशेला, इतक्या अंतरावर, ही दुसरी. लहरीचेही तसेच आहे. पहिल्या रीतीला कार्टेशियन म्हणतात. तिच्यात डिजिटल भाग दोन आकडे देतो, त्यांचे दोन डॅकमधून विद्युतदाबात रूपांतर होते, दोन मिक्सर त्यांना ९० अंशांनी सरकलेल्या दोन वाहक लहरींवर चढवतात आणि बेरीज अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. इथे आवरण अगदी आरंभीच लहरीत मिसळलेले असते, म्हणून पुढचा प्रत्येक भाग रेषीय असावा लागतो. दुसरी रीत पोलर. तिच्यात फेज एका वाटेने जाते, उंची दुसऱ्या वाटेने. फेजची वाट थेट दोलकापर्यंत पोचते, उंचीची वाट अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत, आणि दोघींची भेट अगदी शेवटी होते. ही कल्पना नवी नाही. लेनर्ड कान यांनी १९५२ मध्ये सिंगल साइडबँड ट्रान्समीटरसाठी ती मांडली: आवरण काढून घ्यायचे, सपाट लहर कार्यक्षम अ‍ॅम्प्लिफायरमधून वाढवायची आणि आवरण शेवटी परत चढवायचे. १९७९ मध्ये पेट्रोविच आणि गॉसलिंग यांनी तिला बंद फीडबॅकच्या वेटोळ्यात बसवून पोलर लूप मांडला.

कार्टेशियन रीत सर्वसमावेशक दिसते. दोन आकड्यांनी कोणतीही लहर काढता येते, मग जीएमएसके काय आणि ८-पीएसके काय. पण जीएसएमच्या एका अटीने ती फार महाग पडली. फोन ९१५ मेगाहर्ट्झला बोलत असताना अवघ्या २० मेगाहर्ट्झ पलीकडे, ९३५ मेगाहर्ट्झपासून, शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा फोन टॉवरची क्षीण लहर ऐकत असतो. म्हणून त्या पट्ट्यात आपल्या फोनचा नॉइज किती असावा याची कडक मर्यादा आहे. कमाल शक्तीच्या हिशेबाने ती प्रत्येक हर्ट्झमागे १६२ डेसिबल खाली भरते, म्हणजे सोळा हजार लाख कोटींत एक भाग. डॅकचा, मिक्सरचा, मधल्या प्रत्येक ट्रान्झिस्टरचा नॉइज अ‍ॅम्प्लिफायर इमानेइतबारे वाढवतो, त्यामुळे त्याच्या आधी प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळा, चिपबाहेरचा फिल्टर बसवावा लागे. जीएसएमवाल्यांनी यावर ऑफसेट लूपचा तोडगा काढला. मॉड्युलेशन मध्यम वारंवारतेवर करायचे आणि अँटेनाच्या वारंवारतेवर चालणारा दोलक फेज-लॉक लूपने त्याच्यामागे ओढायचा. लूप अरुंद असतो, त्यामुळे दूरचा नॉइज त्यातून पार होतच नाही. दोलकाचा स्वतःचा स्वच्छपणाच तेवढा बाहेर येतो. महागडा फिल्टर गेला. पण ही युक्ती लहरीची फक्त फेज पुढे नेते, उंची वाटेतच गळून पडते. म्हणजे जीएसएमसाठी सर्वोत्तम असलेले सर्किट एजला निरुपयोगी, आणि एजला चालणारे सर्किट जीएसएमला महाग.

ही कोंडी पोलर रीतीने फोडली, आणि माझ्या कसोटीला उतरणारे हे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. फेजच्या वाटेवर तोच जुना लूप आणि तोच दोलक ठेवायचा, आणि उंचीसाठी एक वाट नव्याने जोडायची. ८-पीएसके पाठवताना दोन्ही वाटा चालतात. जीएमएसके पाठवताना उंचीच्या वाटेवर एक स्थिर आकडा लिहून ती गोठवली की उरतो तो जुना, काटकसरी जीएसएम ट्रान्समीटर. सोपी पद्धत अवघड पद्धतीचे एक विशेष रूप होऊन जाते आणि तिला काही गमवावे लागत नाही. एजमध्ये ही अदलाबदल वारंवार होते, कारण त्याच्या नऊ सांकेतिक योजनांपैकी पहिल्या चार जीएमएसकेवर आणि उरलेल्या पाच ८-पीएसकेवर चालतात. सिग्नल खालावला की फोन मागे सरकतो, सुधारला की पुढे येतो. दोन कालखंडांमधल्या सुमारे ३० मायक्रोसेकंदांच्या फटीत सर्किटला रूप बदलावे लागते. विसाव्या शतकाअखेर आणि त्यानंतरच्या काही वर्षांत अनेक कंपन्या या वाटेने गेल्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये बोगदान स्टाशेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर फेज-लॉक लूपच पूर्ण डिजिटल केला: दोलकाची वारंवारता स्विच केलेल्या चिमुकल्या कपॅसिटरांनी ठरवायची आणि उंची किती ट्रान्झिस्टर चालू आहेत यावरून. २००५ मध्ये त्यांनी ९० नॅनोमीटर सीमॉसमध्ये जीएसएम व एजचा असा ट्रान्समीटर मांडला. तरीही अडचण खरी होती, याची साक्ष प्रमाणकच देतो. ८-पीएसकेमध्ये ऐकणे एज फोनला बंधनकारक होते, त्यात बोलणे ऐच्छिक. त्यामुळे असेही एज फोन निघाले, जे डेटा वेगाने उतरवून घेत आणि पाठवताना जुन्या जीएमएसकेवरच राहत.

मग पोलर रीत सर्वत्र का पसरली नाही? मैदानातल्या माणसाकडेच पुन्हा पाहू. तो आपल्या अगदी जवळून, सरळ रेषेत चालत गेला तर पूर्व-उत्तरेची पावले सावकाश बदलतात, पण त्याची दिशा क्षणात एकशेऐंशी अंशांनी फिरते. लहरीची वाट शून्याजवळून जाते तेव्हा फेजला असेच गरकन वळावे लागते आणि फेजच्या वाटेची बँडविड्थ मूळ सिग्नलच्या कैक पटींनी वाढते. एजने जादा वळण देऊन शून्य टाळले होते. थ्रीजीच्या डब्ल्यूसीडीएमएमध्ये अनेक सांकेतिक प्रवाह एकावर एक चढतात, त्यामुळे शून्याजवळून जाणे टळत नाही. त्यात वेळेचा मेळ. उंची आणि फेज वेगळ्या वाटांनी येऊन अचूक एकाच क्षणी भेटल्या पाहिजेत. एजच्या एका चिन्हाला ३.६९ मायक्रोसेकंद मिळतात, डब्ल्यूसीडीएमएच्या एका चिपला, म्हणजे सेकंदाला ३८ लाख ४० हजार या वेगाने धावणाऱ्या तुकड्याला, ०.२६ मायक्रोसेकंद. चुकीला मिळणारी सूट साधारण चौदापट आक्रसली. एलटीईच्या २० मेगाहर्ट्झ रुंद चॅनेलमध्ये तर नॅनोसेकंदाच्या अंशांवर भांडण येते, आणि तापमान किंवा बॅटरीचा दाब बदलला की हा मेळ सरकतो. भर म्हणून डब्ल्यूसीडीएमएच्या फोनला सेकंदाला १,५०० वेळा आपली शक्ती बदलावी लागते, आणि तिचा पल्ला ७० डेसिबलहून मोठा, म्हणजे कोटपटीहून जास्त. अगदी खालच्या टोकाला उंचीच्या वाटेवरून नियंत्रण करू पाहावे तर फेजच्या वाटेवरून थेट गळून येणारी लहरच तिच्यापेक्षा मोठी ठरू शकते. पोलर रीतीने या पद्धतींसाठी चिपा बनवल्या गेल्या, त्यांत हुशारीही अफाट होती. पण आता अवघड पद्धत आपला भुर्दंड स्वतःच भरू शकत नव्हती.

कार्टेशियन रीत परत आली ती यामुळे, पण जुन्या रूपात नाही. या पुनरागमनाला पोलर रीतीचा पराभव म्हणणे मला पटत नाही. बारीक होत गेलेल्या सीमॉस ट्रान्झिस्टरांमुळे मिक्सर साध्या स्विचांचे करता आले, वाहक लहरीचे एक आवर्तन चार पाळ्यांत वाटून घेणारे. त्यांचा नॉइज इतका कमी भरला की अ‍ॅम्प्लिफायरआधीचे फिल्टर अनेक ठिकाणी काढून टाकता आले. म्हणजे कार्टेशियन रीतीने सोप्या पद्धतीवर लादलेला मोठा भुर्दंड उतरला. उरलेला भुर्दंड अ‍ॅम्प्लिफायरचा. तिथे आता एकच अ‍ॅम्प्लिफायर अनेक पद्धती चालवतो. जीएसएमसाठी त्याला पूर्ण दाबून चालवतात, डब्ल्यूसीडीएमए आणि एलटीईसाठी त्याचा बायस बदलून रेषीय ठेवतात. त्याच्याही पुढे जाऊन एन्व्हलप ट्रॅकिंग आले, जे २०१३च्या सुमारास विक्रीच्या फोनमध्ये पोचले. यात अ‍ॅम्प्लिफायरला मिळणारा विद्युतदाबच लहरीच्या आवरणाप्रमाणे वरखाली होतो, मात्र आवरणाची अचूक नोंद लहरीतही असतेच. दाबाने थोडी चूक केली तर कार्यक्षमता घटते, माहिती बिघडत नाही. कान यांची कल्पना इथे अर्धी वापरलेली आहे, आणि अर्धी वापरल्यामुळेच ती २० मेगाहर्ट्झपर्यंत तग धरते. डॅकनंतरच्या फिल्टरमध्ये कपॅसिटरांच्या रांगा स्विच करून त्याची सीमा शंभर-दोनशे किलोहर्ट्झपासून दहा मेगाहर्ट्झपर्यंत नेता येते. ड्रायव्हरचे तुकडे करून नको असलेले बंद ठेवता येतात. या सगळ्यांत तत्त्व तेच आहे: जे सामाईक आहे, त्याला सोप्या पद्धतीच्या वेळी आक्रसता आले पाहिजे.

काही ठिकाणी तर वाटणी ऐच्छिक नसतेच. २००४ मधल्या ब्लूटूथ २.०ने वेगवान पद्धत आणली, पण पॅकेटची सुरुवात जुन्या उपकरणांनाही समजावी म्हणून जुनीच ठेवली. प्रवेशसंकेत आणि शीर्षक सपाट आवरणाच्या जीएफएसकेमध्ये जातात. मग सुमारे ५ मायक्रोसेकंदांचा विराम, आणि पुढचा मजकूर फेज आणि उंची दोन्ही हलवणाऱ्या डीपीएसकेमध्ये. चिन्हांचा वेग दोन्हीकडे सेकंदाला १० लाख. एका पॅकेटच्या पोटात दोन पद्धती असताना वेगळे ट्रान्समीटर ठेवून त्यांच्यात उडी मारणे म्हणजे दोन्ही सतत जागे ठेवणे आणि उडीच्या क्षणी वारंवारता व फेज जुळवत बसणे. इथे एकच दोलक, एकच अ‍ॅम्प्लिफायर हाच शहाणपणा ठरतो, आणि कानात घालायच्या छोट्या इअरफोनच्या बॅटरीला तो परवडतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो वजनदार आहे. ट्रान्झिस्टर आज इतके स्वस्त आहेत की प्रत्येक पद्धतीला स्वतंत्र, तिच्यापुरते उत्तम सर्किट द्यावे आणि तडजोडींची कटकटच मिटवावी. डिजिटल भागापुरते हे बरोबर आहे. तिथे स्वतंत्र तुकडे ठेवल्याने फारसे बिघडत नाही. पण ट्रान्समीटरची जागा ट्रान्झिस्टर खात नाहीत. ती खातात सिलिकॉनवर गुंडाळलेली इंडक्टर वेटोळी, मोठे कपॅसिटर आणि चिपच्या पिना. वेटोळ्याचा आकार वारंवारतेवर ठरतो. तंत्रज्ञान ९० नॅनोमीटरवरून २८वर गेले म्हणून ते लहान होत नाही. दोन दोलक शेजारी ठेवले तर ते एकमेकांना ओढतात. चिपबाहेर अ‍ॅम्प्लिफायर, स्विच आणि अँटेना यांची संख्या वाढते, आणि प्रत्येक जादा स्विच लहरीची थोडी शक्ती खातो, तीही सर्वांत महाग जागी, अँटेनाच्या तोंडाशी. कारखान्यात प्रत्येक वाटेची वेगळी मोजणी आणि जुळवणी करावी लागते, तो वेळही पैशांतच मोजला जातो. म्हणून स्वतंत्र सर्किटांचा सल्ला डिजिटल टोकाला मला मान्य आहे आणि अँटेनाच्या टोकाला अमान्य.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो: सगळेच सॉफ्टवेअरवर सोपवा. जोसेफ मिटोला यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी सॉफ्टवेअर रेडिओची कल्पना मांडली. डॅक अँटेनाजवळ नेऊन ठेवायचा, बाकी सगळे गणित. नॉइजच्या अंगाने हे दिसते तितके अशक्य नाही. सेकंदाला २०० कोटी नमुने देणारा आदर्श १२ बिटांचा डॅक पूर्ण पातळीवर वर सांगितलेल्या १६२ डेसिबलच्या अटीच्या आसपास पोचतो, आणि रेडिओ-वारंवारतेवर थेट चालणारे डॅक प्रत्यक्षात बनलेही आहेत. अडते ते पूर्ण पातळी सोडल्यावर. शक्ती कोटपटीने खाली आणायची झाली तर तेच बिट संपून जातात आणि शेवटी काही नियंत्रण पुन्हा अ‍ॅनालॉग भागाकडे येते. शिवाय डॅक मिलिवॅट देतो, टॉवरपर्यंत पोचायला शेकडो मिलिवॅट लागतात. मधला अ‍ॅम्प्लिफायर सॉफ्टवेअरने लिहिता येत नाही, आणि आवरणाचा सगळा झगडा तिथेच आहे. मिटोलांच्या कल्पनेने वाटणीची रेषा अँटेनाकडे सरकवली हे तिचे मोठे काम. ती रेषा पुसली गेली नाही.

आणि जीएसएम तर जाऊ घातला आहे, मग त्याच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. युरोप-अमेरिकेतल्या काही देशांपुरते हे पटते. भारतात चित्र वेगळे आहे. जिओने २०१६ मध्ये सुरुवातच फक्त फोरजीवर केली, पण एअरटेलने थ्रीजी बंद करतानाही टूजी चालू ठेवले, आणि टूजीवरच चालणारे साधे फोन आजही गावोगावी वापरात आहेत. मधली पिढी गेली आणि सर्वांत जुनी टिकली. सपाट आवरणाचा फायदा बॅटरीला आणि पल्ल्याला होतो, म्हणून ती टिकू शकते. फाइव्हजीतही हा प्रश्न नव्या नावाने उभा आहे. फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरीला तिथे दोन रूपे दिली आहेत. साधा ओएफडीएम, ज्याची शिखरे उंच असतात, आणि त्याच्या आधी आणखी एक फूरिये रूपांतर बसवून शिखरे खाली आणलेले रूप. दुसऱ्या रूपात पाय-भागिले-दोन बीपीएसके नावाची जवळजवळ सपाट आवरणाची निवडही ठेवली आहे. टॉवरपासून दूर, कमकुवत सिग्नलमध्ये फोनला याच रूपावर आणता येते, कारण तिथे अ‍ॅम्प्लिफायर शिखरांसाठी कमी जागा राखून जास्त शक्ती सोडू शकतो. या दोन रूपांतला फरक डिजिटल भागातल्या एका रूपांतराचा आहे. डॅक, फिल्टर, मिक्सर, दोलक सारे तेच राहतात. बदलतो तो अ‍ॅम्प्लिफायरचा बायस आणि त्याला मिळणारा दाब, आणि कोणत्या रूपाला तो किती बदलायचा हे प्रत्येक पट्ट्यासाठी मोजून, तक्त्यात लिहून ठेवावे लागते.